केबल जमिनीखाली गेली, जोड कोण करतंय हे कोण पाहणार?

बेळगाव : वळवाचे दोन-तीन सपके बसले की शहरात आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींत एक शब्द हमखास कानावर येतो, ‘केबल फॉल्ट’. खांबावरची तार तुटली तर रस्त्यावरच्या पोरालाही दिसते. जमिनीखालची केबल गेली की काहीच दिसत नाही. फोन केला तर ‘काम चालू आहे’ एवढं उत्तर मिळतं. पुढचे सहा-आठ तास दुकानदार जनरेटरच्या डिझेलचा हिशेब करत बसतो. खोदून पाहिल्यावर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण निघतं. एक तर जेसीबीचा दात, नाहीतर जुना जोड.

जेसीबीबद्दल सगळे बोलतात, जोडाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. खरं तर कारखान्यातून निघालेली केबल सहसा चांगलीच असते, कारण ती यंत्रावर बनते आणि रिळावर चढण्याआधी तिची चाचणी होते. जोड मात्र खड्ड्यात उकिडवं बसून, कधी बॅटरीच्या उजेडात, माणूस हातानं करतो. त्यामुळे हजार मीटर केबलचा भरवसा शेवटी त्या हातभर लांबीच्या कामावर येऊन ठरतो.

हा विषय आत्ता काढायचं कारण आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांच्या यादीत बेळगावचं नाव आलं आणि त्यानंतर शहरात खोदकाम थांबलंच नाही. रस्ते झाले, गटारं झाली, चोवीस तास पाणी योजनेच्या वाहिन्या टाकल्या. त्याच पट्ट्यात विजेच्या केबलही आहेत. गोव्यात पावसाळ्यात झाडं तारांवर पडतात म्हणून वीज खातं वर्षानुवर्षं वाहिन्या जमिनीखाली नेत आहे. बेंगळुरूतही ११ केव्ही तारा मोठ्या प्रमाणावर खाली गेल्या. ही मागणी चुकीची नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागात पदपथावर पडलेल्या वीजतारेवर पाय पडून एक तरुण आई आणि तिचं बाळ दगावलं, तेव्हा ‘तारा खाली घाला’ असं सगळेच म्हणाले. पण तारा खाली गेल्या म्हणजे धोका संपला, असं मात्र नाही. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या पटेल नगर भागात पाणी साचलेल्या रस्त्यावर लोखंडी फाटकाला हात लागून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण गेला. वीज डोळ्याआड असली की ती कुठं उतरली आहे, हे हात लागेपर्यंत कळत नाही.

पोलादी चिलखत कशासाठी?

जमिनीत घालायची केबल ‘आर्मर्ड’ असते. आत तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे कोर, त्यावर पीव्हीसी किंवा एक्सएलपीईचं आवरण, मग आतला थर, त्यावर जस्त चढवलेल्या पोलादी तारा किंवा पट्ट्या आणि सगळ्यात वर काळं प्लास्टिक. ११०० व्होल्टपर्यंतच्या पीव्हीसी हेवी ड्यूटी केबलसाठी आयएस १५५४ हे भारतीय मानक आहे, एक्सएलपीईसाठी आयएस ७०९८. केबल किती खोल पुरायची, कशी ओढायची, हे आयएस १२५५ सांगतं : कमी दाबाची ७५ सेंटिमीटर, ११ केव्हीपर्यंतची ९० सेंटिमीटर, २२ आणि ३३ केव्हीची १०५ सेंटिमीटर. खाली-वर वाळू, वर विटा किंवा फरशी. आपल्याकडच्या किती चरांमध्ये ही खोली सापडते, हे गल्लीतल्या लोकांनाच विचारावं.

पोलादी तारा घुशीपासून आणि कुदळीपासून केबल वाचवतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्यांचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. आत कुठं बिघाड होऊन वीज आर्मरवर उतरली, तर ती याच पोलादी वाटेनं परत ट्रान्सफॉर्मरच्या अर्थपर्यंत गेली पाहिजे. वाट मोकळी असेल तर प्रवाह इतका वाढतो की फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो आणि माणूस वाचतो. जोड करताना आर्मर कापावंच लागतं. नंतर दोन्ही बाजूंचं आर्मर तांब्याच्या जाड वेणीनं आणि स्प्रिंगनं किंवा क्लॅम्पनं घट्ट जोडलं नाही, तर ती वाट तिथेच तुटते.

आकड्यात पाहिलं तर लवकर समजतं. समजा वाट तुटली आणि वीज फक्त मातीतून परत जाते आहे. मातीचा आणि अर्थ खड्ड्याचा मिळून रोध २० ओहम धरला, तर २३० व्होल्टला प्रवाह होतो साडेअकरा अँपिअर. पॅनेलमधला ६३ अँपिअरचा ब्रेकर एवढ्यानं हलतसुद्धा नाही. म्हणजे लोखंडी पॅनेल, पंपाचं अंग, ओली जमीन हे सगळं जिवंत राहतं आणि दिवेही चालू राहतात, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. माणसाच्या जिवाला मात्र अँपिअरचा अगदी लहानसा भाग पुरतो. म्हणून तर घरातली गळती पकडणारी आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते.

आर्मर जोडलेलं नसलं तरी मोटर फिरते आणि बिल येतं. कामात हीच चूक सगळ्यात सहज राहून जाते, कारण तिच्यामुळे त्या दिवशी काहीच अडत नाही.

लग, ग्लँड आणि ९० वॅट

जोड म्हणजे दोन केबल एकमेकींना जोडणं. टर्मिनेशन म्हणजे केबलचं टोक पॅनेलला किंवा ट्रान्सफॉर्मरला (पलीकडे ज्याला डीपी म्हणतात आणि बेळगावात टीसी) लावणं. टोकाला कोरवर लग दाबून बसवायचा असतो. त्यासाठी क्रिम्पिंगचं हत्यार आणि त्या मापाची डाय लागते. डाय हाताशी नसली की हातोडा आणि छिन्नी निघते. वरून लग चपटा दिसतो, आत तारांमध्ये पोकळी राहते. अॅल्युमिनियमची आणखी एक खोड आहे. हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो वीज नीट जाऊ देत नाही. म्हणून तारा घासून लगेच पेस्ट लावायची आणि लग दाबायचा. अॅल्युमिनियमची केबल तांब्याच्या बसबारला लावायची असेल तर बायमेटॅलिक लग. तो नसेल तर दमट हवेत दोन धातूंच्या सांध्यावर गंज धरतो. खानापूर, चंदगड आणि गोव्याच्या हवेत त्याला फार वेळ लागत नाही.

ढिल्या लगाचं गणितही सोपं आहे. सांध्याचा रोध नुसता एक मिलिओहम जास्त असला आणि त्यातून ३०० अँपिअर जात असले, तर तिथं ९० वॅट उष्णता तयार होते. मुठीत मावणाऱ्या जागेत, बंद पेटीत, दिवसरात्र. पीव्हीसीचा कोर कायम ७० अंशांपर्यंत तापला तर चालतो, एक्सएलपीईचा ९०. सांधा त्याच्या पुढे गेला की आवरण कडक होतं, तडकतं आणि एक दिवस धूर येतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना हे सांगायची गरज नाही. इंडक्शन भट्टीचा भार हलका नसतो आणि भट्टीत धातू वितळलेला असताना वीज गेली तर किती नुकसान होतं, हे त्यांनाच विचारावं.

ग्लँडकडे तर बघायचीच पद्धत नाही. पॅनेलच्या तळाशी केबल जिथून आत शिरते तिथं पितळी ग्लँड लागते. आर्मरच्या तारा फुलासारख्या पसरवून ग्लँडच्या कोनावर बसवायच्या आणि नट आवळायचा, म्हणजे केबलचं वजन लगावर येत नाही आणि आर्मर पॅनेलच्या अर्थला लागतं. उघड्यावरच्या पॅनेलला डबल कम्प्रेशन ग्लँड हवी. ती आतलं आणि बाहेरचं अशी दोन्ही आवरणं पकडते आणि पाणी, धूळ आत जाऊ देत नाही. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पत्र्याला भोक, त्यातून केबल सरळ आत, आर्मर भोकाखालीच कापलेलं आणि फटीत पुट्टी, असा कारभार दिसतो. उसाच्या कारखान्यांत जाड सिंगल कोर केबल असतात, तिथं आणखी एक पथ्य आहे. एसीच्या सिंगल कोरला पोलादी आर्मर चालत नाही, अॅल्युमिनियमचं लागतं, आणि ग्लँड प्लेटही लोखंडाची नको. नाहीतर चुंबकीय परिणामानं प्लेटच तापते. गाळप हंगामाआधीच्या दुरुस्तीत एखादी प्लेट ‘मिळाली ती’ म्हणून बदलली जाते आणि त्याचा त्रास ऐन हंगामात सुरू होतो.

११ केव्हीला पट्टी गुंडाळून चालत नाही

कमी दाबाच्या केबलमधली चूक काही काळ खपून जाते. ११ केव्हीला ती खपत नाही. तिथं प्रत्येक कोरच्या आवरणावर एक काळा अर्धवाहक थर आणि त्यावर तांब्याची पट्टी असते. जोडासाठी हा थर ठरावीक मापाला काढावा लागतो. थर जिथं संपतो, त्या कडेवर विद्युत ताण एकवटतो. तो पसरवायला किटमध्ये खास नळी आणि मास्टिक दिलेलं असतं. थर सोलताना सुरी खालच्या पांढऱ्या आवरणात केसभर जरी घुसली, किंवा काळा कण पुसायचा राहिला, तर आत बारीक ठिणग्या सुरू होतात. त्या ऐकू येत नाहीत, दिसत नाहीत. महिन्यामागून महिने त्या आवरण खात राहतात. पुसायचीसुद्धा दिशा ठरलेली आहे. पांढऱ्याकडून काळ्याकडे, कधीही उलटं नाही, नाहीतर काजळी स्वच्छ भागावर पसरते.

हीट श्रिंक किट असेल तर ज्योत मऊ, पिवळी आणि सतत फिरती हवी. निळी टोकदार ज्योत एका जागी धरली की नळी भाजते, आणि घाई केली की आत हवा अडकते. कोल्ड श्रिंकला ज्योत लागत नाही, पण माप आणि स्वच्छता तेवढीच लागते. किटवर केबलच्या आकाराची मर्यादा छापलेली असते. मास्टिक, रेझिन यांना मुदत असते. गोदामात दोन उन्हाळे पडून राहिलेलं किट आणि परवा आलेलं किट एकाच भावानं बिलात लागतं.

पाणी हा सगळ्यात मोठा शत्रू. केबल कापून टोक उघडं ठेवलं आणि रात्री पाऊस आला, तर पाणी तारांच्या फटींतून आत लांबवर सरकतं. त्यावर कितीही उत्तम जोड केला तरी उपयोग नाही. टोकाला लगेच टोपी, खड्ड्यावर ताडपत्री, खड्ड्यातलं पाणी आधी उपसून काढणं, एवढं केलं तरी निम्मं काम होतं. अथणी, गोकाक, बैलहोंगलच्या काळ्या जमिनीत वेगळीच अडचण आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि केबलला ओढते. तिथं जोडाच्या दोन्ही बाजूंना केबलचा थोडा ढिला वळसा ठेवावाच लागतो. खड्डा लहान खणला की ठेकेदाराचे पैसे वाचतात, पण वळसा ठेवायला जागा उरत नाही.

काम झाल्यावर मेगर लावून कोर-कोर आणि कोर-अर्थ रोध घ्यायचा, आर्मरची सलगता तपासायची, फेज जुळवायचे. जुन्या एक्सएलपीई केबलवर पूर्वीसारखी जास्त दाबाची डीसी चाचणी करणं आता टाळतात, कारण तिनंच केबल कमजोर होते. त्याऐवजी अगदी कमी वारंवारतेच्या एसीची, व्हीएलएफ चाचणी करतात. तिचं यंत्र महाग असतं आणि लहान ठेकेदाराकडे ते सहसा नसतं.

‘लाइन बंद आहे’ कुणी सांगितलं?

आतापर्यंतचं सगळं केबलच्या आयुष्याबद्दल झालं. माणसाच्या आयुष्याचा प्रश्न खड्ड्यात उतरण्याआधीच येतो. बंद केबल कापायची म्हणून शेजारची चालू केबल कापली जाणं, हा या धंद्यातला जुना अपघात आहे. एका चरात तीन-चार काळ्या केबल शेजारी-शेजारी असतात, नकाशा जुना असतो आणि वरून सगळ्या सारख्याच दिसतात.

नियम साधा आहे, पाळायला मात्र वेळखाऊ. लेखी एलसी घ्यायची, फोनवरची नाही. केबल दोन्ही टोकांनी वेगळी करायची, कुलूप आणि पाटी लावायची. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग कापायच्या केबलवर, मग पुन्हा चालू लाइनवर, म्हणजे टेस्टरच बिघडला नव्हता ना, ते कळतं. केबल लांब असेल तर वीज बंद केल्यावरही तिच्यात भार साठून राहतो. म्हणून डिस्चार्ज रॉडनं तो उतरवायचा आणि अर्थ लावून ठेवायचा. त्यानंतरही पहिला घाव हातानं नाही. दुरून चालणाऱ्या स्पाइकरनं केबलमध्ये खिळा घालायचा, मग करवत.

अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. खालून वर येणारी वीज. कारखान्याचा जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय जोडलेला असेल, तर बाहेरून बंद केलेली लाइन आतून जिवंत होते. छतावरच्या सोलर इन्व्हर्टरनं ग्रिड गेलं की स्वतःहून बंद व्हायचं असतं, पण ‘होतंच’ असं धरून खड्ड्यात हात घालणं शहाणपणाचं नाही. लाइनमन एलसी देतो तो आपल्या बाजूची. ग्राहकाच्या बाजूची खात्री कुणी करायची, यावर जागेवर बहुतेक वेळा कुणीच बोलत नाही.

तीन राज्यं, तीन परवाने

सीमाभागात या सगळ्याला आणखी एक पदर आहे. चंदगडच्या शिनोळी एमआयडीसीत महावितरणची वीज, तिथून काही किलोमीटरवर बेळगावात हेस्कॉमची, चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा सरकारच्या वीज खात्याची. माणसं मात्र तीच. निपाणीचा मुलगा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत काम करतो, चंदगडचा बेळगावात येतो, खानापूरचा गोव्यात जातो. आयटीआयचं इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं प्रमाणपत्र देशभर चालतं. पण प्रत्यक्ष काम करायला लागणारा परवाना राज्य सरकारचा असतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांची अपेक्षा अशी, की काम परवानाधारक ठेकेदारानं करावं, त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक असावा आणि हे कागद राज्य सरकारनं दिलेले किंवा मान्य केलेले असावेत. सीमेवरच्या पोराचं सगळं ‘मान्य केलेले’ या दोन शब्दांवर अडतं.

परिणाम असा की परवाना ठेकेदाराच्या नावावर, सही पर्यवेक्षकाची, आणि खड्ड्यात बसलेला जो खरा जॉइंटर आहे त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. अपघात झाला तर वीज कायदा २००३ च्या कलम १६१ नुसार कळवावं लागतं, २४ तासांत. चौकशी विद्युत निरीक्षक करतो. पण ज्याचं नावच नाही, त्याच्या भरपाईसाठी घरच्यांनी कुठल्या राज्याच्या कचेरीत जायचं, हे ठरवायलाच महिने जातात.

भाषेचा मुद्दाही यातच येतो, आणि तो अस्मितेचा म्हणून नव्हे. किटमधला सूचनांचा कागद बहुधा इंग्रजीत असतो. वीज कंपनीची परिपत्रकं इकडे कन्नडमध्ये, तिकडे मराठीत. ‘थर काढायचं माप अमुक मिलिमीटर’ हे वाक्य ज्याला वाचायचं आहे, त्याला ते वाचता येत नसेल तर तो मागच्या किटच्या अंदाजानं काढतो. आयटीआयची पुस्तकं चेन्नईची संस्था ‘निमी’ मराठीतही काढते. मग किटचा एक पानी चित्रांचा कागद मराठी-कन्नडमध्ये मागणं ही काही मोठी मागणी नव्हे. घाऊक खरेदी करणाऱ्यानं ऑर्डरमध्ये एक ओळ घातली की पुरे.

पैसे कुठं अडतात

जॉइंटरला पैसे जोडामागे मिळतात. जितके जोड जास्त, तितकी कमाई. एका दिवसात एक जोड नीट होतो तिथं तीन उरकले जातात. निविदा सगळ्यात कमी दराला जाते, तो ठेकेदार पुढं दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. प्रत्येक हातात थोडं उरायचं असेल तर कपात केबलमध्ये करता येत नाही, ती मीटरनं मोजली जाते. कपात होते ती न दिसणाऱ्या वस्तूंत, म्हणजे लग, ग्लँड, तांब्याची वेणी, वाळू आणि जॉइंटरचा वेळ.

त्यातून दोषदायित्वाचा काळ. चुकीचा जोड लगेच जात नाही. एक पावसाळा काढतो, कधी दोन-तीनही काढतो. तोवर ठेकेदाराची अनामत परत गेलेली असते आणि दुरुस्ती देखभालीच्या खात्यात पडते. हिशेबाच्या वहीत भांडवली कामात वाचवलेला पैसा एका पानावर दिसतो आणि दुरुस्तीचा खर्च दुसऱ्या पानावर. दोन्ही पानं शेजारी ठेवून बघायचं कुणाचंच काम नाही.

याला उपाय महागडे नाहीत. प्रत्येक जोडाला क्रमांक, तारीख, जॉइंटरचं नाव, किटचा बॅच नंबर, मेगरचं वाचन आणि मोबाइलवर काढलेले चार फोटो : आर्मर जोडल्यावरचा, लग दाबल्यावरचा, नळी बसल्यावरचा आणि खड्डा बुजवण्याआधीचा. जागेवर दगडी किंवा पत्र्याची खूण. बिल या कागदाशिवाय मंजूर करायचं नाही. मोठे खासगी कारखाने अशी नोंदवही ठेवतात, कारण बंद पडलेल्या तासाची किंमत त्यांना माहीत असते. नगरपालिका, गृहनिर्माण सोसायट्या, मंगल कार्यालयं, लहान यंत्रमागवाले यांच्याकडे ती नसते.

वडगाव-शहापूरच्या यंत्रमागवाल्यानं किंवा एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं नवी केबल घेताना ठेकेदाराला तीन गोष्टी विचारल्या तरी बरंच कळतं. परवाना कुणाच्या नावावर आणि कोणत्या राज्याचा? डाय कोणत्या मापाची आणली आहे? आर्मर दोन्ही टोकांना अर्थला लागल्याचं मीटरवर दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नाला ‘काही होत नाही, साहेब’ असं उत्तर आलं तर चेक थांबवावा. पॅनेलला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, भिंत किंवा फाटक ओलं असताना झटका बसत असेल, तर ‘ओल आहे म्हणून’ असं म्हणून सोडू नये. मेन बंद करावं, कुणाला हात लावू देऊ नये आणि १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा.

पाऊस सुरू होण्याआधी शहरातल्या गटारांची सफाई झाली की नाही, यावर दरवर्षी बैठक होते, फोटो छापून येतात. गेल्या वर्षभरात शहरात भूमिगत केबलचे किती जोड झाले, कुठं झाले आणि कुणी केले, हा प्रश्नही त्याच बैठकीत विचारता येईल. यादी तयार असेल तर उत्तर द्यायला पाच मिनिटं लागतील.